तोंडपाठ डोळे

आधीच सांगून टाकते, मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. "पालकांनो, जागे व्हा!" हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की दारात दूधवाला आला तरी मी त्याच सुरात ओरडते, असं माझ्या वहिनीचं म्हणणं आहे. जळगावात पिंप्राळ्याला एका भाड्याच्या खोलीत आमचं मंडळ भरतं. पोरंपोरी मिळून आम्ही मूठभर. कधी नळाच्या पाण्यावर, कधी शाळेतल्या संडासांवर आम्ही पत्रकं काढतो, वाटतो, आणि ज्यांना वाटली त्यांच्याशीच भांडतो.

एका दिवाळीनंतर आम्ही मुलांचे डोळे हा विषय घेतला. फळ्यावरचं भलतंच उतरवणारं, मागे बसून खिडकीबाहेर बघणारं, "लक्ष नाही" म्हणून बोलणी खाणारं पोर पुष्कळदा ढ नसतं, त्याला नुसतं दिसत नसतं. गोष्ट एवढी साधी. पण साध्या गोष्टीवर पत्रक निघत नाही, म्हणून आम्ही तिला ढीगभर उद्गारचिन्हं लावली.

आमचं घर असोद्याच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले गुरुजी कोण, हे अख्ख्या पंचक्रोशीला कळेल, आणि गुरुजींचं नि माझं आता कुठे बरं चाललंय. घरात माझे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात. मग भाऊ, वहिनी, आणि त्यांची मुलगी, तेव्हा पाचवीत होती. मी तिची आत्या.

ह्या पोरीला जे काही यायचं ते कानांनी यायचं. कविता एकदा ऐकली की पाठ. भजनी मंडळातली भजनं पाठ. केळीच्या व्यापाऱ्याशी फोनवर घासाघीस करताना आबा जे बोलत, तेसुद्धा खाकरण्यासकट पाठ. घरात हिला गप्प बसवायला वहिनीला तिच्या तोंडात पोळीचा घास कोंबावा लागे. आणि हीच पोरगी शाळेत फळ्यावरचं गणित वहीत उतरवायला बसली की तीनचा आठ करी, सहाचं शून्य. मग त्या भलत्याच गणिताचं उत्तर व्यवस्थित काढी. गुरुजींना त्यात दिसे ती फक्त चूक. ते फुली मारून मोकळे.

त्यात गुरुजींची बाकांची पद्धत. चाचणी झाली की वर्गातले बाक बदलायचे. मार्क जास्त तो पुढे, मार्क कमी तो मागे. पोरांमध्ये ईर्षा यावी म्हणून. आता तुम्हीच सांगा, ज्याला दिसत नाही त्याचे मार्क कमी, मार्क कमी म्हणून तो मागे, मागे गेला की आणखी दिसत नाही. ह्यापेक्षा पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला विहिरीकडे चालायला सांगा, लवकर तरी उरकेल. (हे वाक्य पत्रकात होतं. मंडळाने काढायला लावलं.) आमची पोरगी दिवाळीपर्यंत शेवटच्या बाकावर जाऊन पोचली होती. तिच्या मागे फक्त भिंत होती.

मग घरात शिरपूर निघालं.

शिरपूरला वहिनीचा भाऊ राहतो. म्हणजे पोरीचा मामा. त्याच्या ओळखीत तिकडे एक निवासी शाळा. पहाटे उठवतात, रांगेत अंघोळ, रांगेत जेवण, रांगेतच अभ्यास. मामा फोनवर म्हणाला, "तठे भलभलता सरळ व्हतस. जूनमा धाडी द्या." तिथे भलेभले सरळ होतात, जूनमध्ये पाठवून द्या. भावाने मान डोलावली. वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि मग तिनेही मान डोलावली. पोरीचा मामावर फार जीव. तरी शिरपूरचं ऐकल्यावर ती काही बोलली नाही. रडली नाही, आदळआपट नाही. मला तेच खटकलं.

एकदा ओट्यावर माझ्याशेजारी शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "आत्या, ढ माणसं मोठेपणी काय करतात?"

मी म्हटलं, "पत्रकं लिहितात."

एरवी ह्याच्यावर ती खिदळली असती. त्या दिवशी तिने विचार केला आणि म्हणाली, "पण त्याला लिहिता तर आलं पाहिजे ना."

मला राग आला. पोरीचा नाही. तिला "तू ढ आहेस" हे कुणी एका वाक्यात सांगितलं नव्हतं, सगळ्यांनी मिळून थोडं थोडं सांगितलं होतं, आणि तिने ते बाकीच्या सगळ्यासारखं पाठ करून टाकलं होतं. शिरपूरला जायला ती गपगुमान तयार झाली, कारण तिला ते रास्त वाटत होतं.

म्हणून मंडळाची पहिली तपासणी मी आमच्याच गावच्या शाळेत ठेवली. आमची रीत अशी, की अक्षरांचा तक्ता शाळेत आधी पोचवायचा, गुरुजींनी भिंतीवर टांगून ठेवायचा, आणि ठरल्या दिवशी आम्ही जाऊन एकेका मुलाला लांब उभं करून, एक डोळा झाकून वाचायला लावायचं. तक्ता दिला आणि आठवड्याभराने आम्ही गेलो.

शाळा झाडून लोटून लखलखीत. फाटकापाशी रांगोळी. पोरांच्या केसांना तेल. गुरुजी इस्त्रीच्या शर्टात. आमच्याकडे बाहेरून कोणी बघायला येणार म्हटलं की शाळेची अशी तयारी होतेच, मग येणारा साहेब असो की आमच्यासारखी फाटक्या चपलांची कार्टी. गुरुजींनी आम्हाला नारळ दिला. मग एकेक पोर आलं, डोळा झाकला आणि धाडधाड वाचून गेलं. "र! ग, ट! प, म, क!" असं वरपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. एकही अडखळलं नाही. आमची पोरगी तर सगळ्यांत खणखणीत. तिने डावा डोळा झाकून वाचलं, उजवा झाकून वाचलं, आणि मंडळातल्या एका पोराने गमतीने दोन्ही झाक म्हटलं असतं तर तसंही वाचलं असतं. पण हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक!

गुरुजी म्हणाले, "ताई, लिहून घ्या. आमच्या शाळेत डोळ्यांचा निकाल शंभर टक्के."

आम्ही खूश. गुरुजी खूश. घरी मात्र ह्या निकालाने पोरीचं शिरपूर पक्कं केलं. भाऊ म्हणाला, "बघ, डोळे चांगले आहेत. तूच तपासलेस. म्हणजे लक्षच नाही हिचं." मी स्वतः आणलेला निकाल मी कसा नाकारणार?

पौषात शेतात भरीत केलं. आमच्याकडे थंडीत हे होतंच. असोद्याची हिरवी, लांब वांगी आणायची, कापसाच्या वाळल्या काड्या पेटवून त्यात खरपूस भाजायची, ठेचायची, वर कांद्याची पात आणि मिरच्या, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. नातलगांना बोलावणं जातं. मामालाही गेलं होतं, आणि ह्या खेपेला शिरपूरच्या शाळेचं नक्की काय ते बोलायचं असं ठरलं होतं.

पोरगी विस्तवापासून थोडी लांब, पात निवडत बसली होती. रस्त्यावर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. जरा वेळाने शेताच्या पलीकडच्या बांधावर मामा उभा राहिला. हाक मारली नाही. भाचीला चकित करायचं होतं बहुतेक. दोन्ही हात वर करून सिनेमातल्यासारखे हलवू लागला. पोरीने मान वर केली. सरळ त्याच्याकडे बघितलं. आणि पुन्हा पात निवडायला लागली.

मामाने हात आणखी जोरात हलवले. आता तर तो थोडासा नाचतही होता. पोरीने पातीचं एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं.

मामा ढेकळं तुडवत आला तो तोंड पाडून. "काय वं भाची, वळखं नही का माले? कव्हाना हात हालाई राह्यनू मी! शिरपूरना राग मनावर, मामावर, काढस का?"

आवाज ऐकताच पोरगी ताडकन उठली. "मामा! कधी आलास?" आणि पातीच्या चिखलाच्या हातांनी त्याला मिठीच मारली. मामाचा शर्ट गेला, राग गेला. तो वहिनीकडे बघून हसायला लागला. पण मी हसले नाही. त्या पोरीच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि नाटकही. माणूस आत्ता ह्या घडीला आला, असंच ती बघत होती.

मी तिला म्हटलं, "बाई, रस्त्यावर काय उभंय सांग बघू."

"मामाची गाडी."

"दिसते?"

"आवाज ऐकला ना मी, बंद झाल्याचा."

"रंग कुठला?"

तिने डोळे बारीक केले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे. "लाल?"

मामाची लाल गाडी विकून वर्ष झालं होतं. रस्त्यावर उभी होती ती काळीकुळकुळीत.

मी तिथेच, विस्तवाजवळ उभी राहून जाहीर केलं, "हिला लांबचं दिसत नाही!" सूर अर्थातच पत्रकाचा लागला. भाऊ हसत सुटला. "अगं, तूच तपासलीस ना? तुझीच तपासणी, तुझाच निकाल, आणि आता तूच ओरडतेस." मामा म्हणाला, "ताई, तुमनं एक पत्रक शिरपूरलेबी धाडा. दुकानमा पुड्या बांधाले कागद लागस." आणि आबा पुरी मोडत म्हणाले, "पोरीले चष्मा लावशान तर याद राखा. चष्मा लावला का नंबर वाढतो. मी लावला का आजवर?"

आबांचं हे आमच्या गावात एकट्याचं मत नाही. चष्म्याने डोळे आळशी होतात, चष्म्याने नंबर चढतो, गाजर खा, सकाळी दवाच्या गवतावर चाल, मोबाईल बघू नको, हे सगळे डॉक्टर आमच्या ओट्याओट्यावर बसलेले असतात आणि फी घेत नाहीत. मी सगळ्यांशी भांडले. भरीत गार झालं. शेवटी वहिनी बोलली. ती फारशी बोलत नाही. म्हणाली, "शिरपूरला पाठवायचीच आहे ना? मग दाखवून पाठवू. त्यात काय जातं?"

जळगावला डॉक्टरांकडे आबाही आले. कशाला, तर डॉक्टरने फसवून चष्मा लावू नये म्हणून पहाऱ्याला. भाऊ आबांना मोटरसायकलवर घेऊन आला, पोरीला मी रिक्षाने नेली. डॉक्टर म्हातारे होते आणि शांत. खोलीत अंधार केला, समोरचा डबा उजळला, पोरीचा एक डोळा झाकला. "वाच बेटा, वरून."

पोरीने पाय जुळवले, हात बाजूला घेतले, छाती काढली. "र! ग, ट! प, म, क!..."

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. डब्यावर नुसते आकडे होते.

"हे कुठलं वाचतेस गं?"

"शाळेतलं," पोरगी म्हणाली. "चुकलं का? शेवटची ओळ अजून राहिलीय."

मग तिने सगळं सांगितलं, आणि सांगताना तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तक्ता आला त्याच दिवशी गुरुजींनी तो वर्गात घेतला होता. पाढ्यांनंतर रोज तक्ता. आधी गुरुजी म्हणायचे, मग सगळा वर्ग एका सुरात. जळगावहून लोक येणार, शाळेचं नाव जाता कामा नये. "मला सगळ्यांत आधी पाठ झाला," ती म्हणाली. "मग गुरुजींनी मलाच पुढे उभं केलं. मी म्हणायचे, माझ्यामागून सगळे." वर्षभरात पहिल्यांदा तिला वर्गात पुढे उभं केलं होतं, ते हे म्हणायला.

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. एवढ्या वर्षांत डोळे तोंडपाठ करून आलेलं पोर त्यांच्याकडे पहिलंच.

मग खरी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, हातातलं पुस्तक हिला उत्तम दिसतं, पण शेवटच्या बाकावरून फळा म्हणजे हिला नुसती हिरवी भिंत. भावाने पोरीची वेणी उगाचच नीट केली, जी नीटच होती. आबा पुढे सरकले. "पण डॉक्टरसाहेब, चष्म्यानं नंबर वाढतो त्याचं काय?"

"आबा, छत्री उघडली म्हणून पाऊस वाढतो का?"

"आमच्याकडे छत्री उघडली का पाऊस येतच नाही," आबा म्हणाले. खानदेशातल्या माणसाशी पावसाच्या भानगडीत पडू नये, हे डॉक्टरांना तिथे कळलं.

तपासणीची ती जड लोखंडी फ्रेम पोरीच्या नाकावर होती. काचा बसवून डॉक्टरांनी तिला खिडकीशी नेलं. "आता बाहेर बघ. काय दिसतं ते सांग."

पोरगी बघत राहिली. बराच वेळ. मी मनात तयार होते, आता ही काहीतरी सुंदर बोलणार आणि ते मी पुढच्या पत्रकात घालणार. ती म्हणाली, "समोरच्या भिंतीवर लिहिलंय, येथे वाहने लावू नयेत. पप्पांची गाडी तिथेच आहे."

भाऊ जिन्याकडे पळाला.

चष्मा तयार झाल्यावर मीच तिला आणायला घेऊन गेले. परतताना रिक्षात तिने एक पाटी सोडली नाही. किराणा, टायर पंक्चर, कटलरी, दंतवैद्य. चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागले होते. ती अचंब्याने म्हणाली, "आत्या, ह्या सगळ्यांना मिश्या आहेत! आणि सगळ्यांनी हात जोडलेत. हे कुणाला नमस्कार करतात?" मी म्हटलं, आपल्याला. ती म्हणाली, "मी तर ह्यांना ओळखतसुद्धा नाही." रिक्षावाला हसला, मी हसले, आणि मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

माझं हे नेहमीचंच आहे. पत्रक छापलं की प्रश्न सुटला असं मला वाटतं.

पहिल्याच दिवशी वर्गाने तिला "ढापणी" म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकात शिरलं की चष्मा कंपासपेटीत, आणि फाटकाबाहेर आलं की नाकावर. घरच्यांना वाटे पोरगी चष्मा लावते, शाळेला वाटे चष्मा सुटला. भाऊ म्हणाला, "चष्माही दिला, तरी तेच. आता आणखी काय लावू, दुर्बीण?" शिरपूर पुन्हा निघालं.

मी शाळेत गेले. पाठीला पिशवी, पिशवीत पत्रकं. गुरुजींना म्हटलं, हिला पुढच्या बाकावर बसवा.

"ताई, पुढचा बाक मेहनतीनं मिळतो," गुरुजी म्हणाले. "आज तुमच्या पुतणीला दिला तर उद्या सगळ्यांच्या आत्या येतील."

"येऊ द्या! आत्यांनी यायलाच पाहिजे!"

"बसा, चहा घ्या," गुरुजी म्हणाले. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, मान मागे घेतली, मग आणखी लांब धरलं, आणि खिशात घालत म्हणाले, "निवांत वाचतो." मी वर्गात जाऊन पोरांना चिडवण्याविरुद्ध भाषणही दिलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला ढापणी म्हणायची बंद झाली आणि "पत्रक" म्हणायला लागली.

तिने चष्मा पेटीतून काढला तो माझ्या भाषणाने नव्हे. हे तिनेच मला नंतर सांगितलं. मराठीच्या तासाला पुढच्या बाकांवर सारखी खुसखुस चालायची. पोरं एकमेकांना कोपरं मारायची. मागे बसून हिला कधीच कळायचं नाही, काय चाललंय. इतके महिने तिला वाटे, आपल्यालाच हसतात. एक दिवस तिला राहवेना. तिने बाकाखाली पेटी उघडली, चष्मा लावला आणि बघितलं. गुरुजी धडा शिकवत होते, पुस्तक उघडून समोर धरलं होतं, आवाजात चढउतार, मध्येच पान उलटणं, सगळं काही साग्रसंगीत. पुस्तक गणिताचं होतं.

आणि ही पोरगी ती. हिच्या पोटात काही राहत नाही. ती उभी राहून म्हणाली, "गुरुजी, ते गणिताचं आहे."

पुढच्या बाकांना हे कधीचं ठाऊक होतं. हुशार पोरं, पुढे बसलेली, ती कशाला बोलतील? पण आता अख्खा वर्ग फुटला. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि भावाला निरोप धाडला, संध्याकाळी घरी येतो.

निरोप ऐकून भाऊ पेटला. "इतके दिवस नुसता आळस होता, आता उद्धटपणाही! जून कशाला, सुट्टी लागली की त्याच दिवशी शिरपूर." मी जळगावला मंडळात होते, वहिनी फोन करून म्हणाली, "या. तुमच्याच चष्म्यानं झालंय." मी मिळेल त्या गाडीने पोचले. पोरगी आतल्या खोलीत दाराला टेकून बसली होती. चष्मा नाकावर होता. काढला नव्हता, एवढं मी पाहिलं.

गुरुजी आले. पाणी घेतलं. चहा घेतला. भाऊ हात जोडून म्हणाला, "गुरुजी, चुकलं पोरीचं. लेकरू आहे."

गुरुजी कपात बघत राहिले. "खोटं बोलली नाही ती," म्हणाले. मग पावसापाण्याचं विचारलं, कापसाच्या भावाचं विचारलं, आणि उठता उठता आबांकडे वळून अगदी सहज, "आबा, तो जळगावचा डॉक्टर... तो बसतो कुठे?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. गुरुजींनाच ते बघणं सोसवेना. "मला दिसतं तसं सगळं," ते म्हणाले. "फक्त पुस्तक वाचायला घेतलं की हात जरा आखूड पडतो. धडे काय, पाठच आहेत इतक्या वर्षांत."

आबा जिव्हाळ्याने म्हणाले, "गुरुजी, नका लावू. नंबर वाढतो."

गुरुजींनी लावला. सोनेरी काडीचा, नाकाच्या शेंड्यावर. त्यानंतर वर्गात ढापणी हा शब्द मोठ्याने उच्चारणं अवघड होऊन बसलं, कारण तो कुणाला लागेल ह्याचा नेम नव्हता. बाकांची पद्धत मात्र गुरुजींनी सोडली नाही. मी अजून भांडते. ते अजून चहा देतात. ही पद्धत चूक आहे, गुरुजी, आणि हे तुम्ही आता चष्मा लावून नीट वाचू शकता म्हणून पुन्हा लिहिते: चूक आहे.

वार्षिक परीक्षा झाली. निकाल लागला. पोरीचा पहिला नंबर आला असं सांगायला मला फार आवडलं असतं, पत्रकात तेच शोभतं. ती वर्गाच्या मधोमध आली. गणितात बऱ्यापैकी, इंग्रजीत यथातथा.

निकालानंतर मामा आला. जूनपर्यंत थांबायला नको, उन्हाळ्यातच घेऊन जातो, रुळेल, असं त्याचं म्हणणं. त्याने तिकडे सगळी व्यवस्था केली होती. शाळेच्या साहेबांना शब्द दिलेला, नवी गादी भरून घेतलेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना "मनी भाची येणार शे" सांगून झालेलं. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा ओट्याखालून निघेना. आत आम्ही सगळे आंब्याच्या रसावर बसलो होतो. चष्म्यानंतरची पोरगी भावाला दिसत होती, पण मेव्हण्याचा शब्द मोडायचा कसा, तेही कळत नव्हतं. आता मी पत्रक काढणार हे ओळखून वहिनीने माझ्या वाटीत आणखी रस ओतला.

बोलली ती पोरगीच. "मामा, मी नाही येणार."

मामाचा हात पोळीवर थांबला. "का वं?"

"मला फळा दिसतो आता."

"तठला फळा ह्याच्यापेक्षा मोठा शे."

"मोठा कशाला? हाच दिसतो म्हटलं ना."

मामाने भावाकडे पाहिलं. भाऊ रसात पोळी बुडवण्यात गुंग. "आनि गादी? मी गादी भरी ठेवी, तिनं काय करू?"

"तिच्यावर तू झोप. मी सुट्टीत आले की मला दे."

आबांना हसू आलं, ते खोकल्यात गेलं. मामा मला म्हणाला, "ताई, हाई तुमनं शिकाडेल शे." मी म्हटलं, नाही हो, मी तर एक अक्षर बोलले नाही. आणि खरंच बोलले नव्हते. ओट्यावर शेंगा सोलताना जे तिने मला विचारलं होतं त्याचं धड उत्तर मी तिला कधी दिलंच नव्हतं, आणि आता ते माझ्याकडे कोणी मागतही नव्हतं.

मामा सहजी हरणारा नव्हे. त्याने बोट रोखलं. "बरं. ऱ्हाय अठेच. पण पुढल्या साली परत मार्क कमी पडनात, मंग? मंग काय सांगशी?"

पोरीने चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकाने पुसला, त्याला रस लागला, तो पुन्हा पुसला आणि लावला. मग मामाकडे नीट पाहून म्हणाली, "मग मी अभ्यास केला नसेल."

मामाने बोट खाली घेतलं आणि रसासाठी वाटी वहिनीपुढे सरकवली.